आमचे कुलूप

आमच्या टेबलाच्या उजव्या खणात, वडिलांच्या चष्म्याच्या घराशेजारी, कित्येक वर्षे एक कुलूप पडून होते. कुलूप म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांसमोर जी पितळी अथवा लोखंडी वस्तू उभी राहील तिच्याशी याचे काहीएक साम्य नव्हते. आगपेटीएवढी, करड्या रंगाची ही एक प्लॅस्टिकची डबी. तिच्या एका अंगास पंचवीस टाचण्या दोन ओळींत उभ्या, आणि दुसऱ्या अंगास तितकीच छिद्रे. कडी नाही, कोयंडा नाही, किल्ली घालावयास भोक नाही. तथापि धंद्यातली माणसे तिला ‘लॉक’च म्हणत, आणि या डबीने आम्हांस आमच्याच घराबाहेर जितके दिवस उभे केले, तितके दिवस कोणत्याही अलिगडी कुलपाने कोणास उभे केले नसेल.

यवतमाळात आमच्या वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता. पायाने चालवावयाचे एक ट्रेडल यंत्र, भिंतीलगत उतरते ठेवलेले लाकडी केस, आणि त्यांच्या खणाखणांतून पसरलेली शिशाची वर्णमाला, एवढीच ती दौलत. देवनागरीचे काम इंग्रजीप्रमाणे सव्वीस अक्षरांत भागत नाही. काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांचा पसारा एवढा की आमच्या जुळाऱ्यास उभ्या जागी दिवसभरात कोसभर चालणे घडे. निवडणुका आल्या की ‘पक्ष’ हा शब्द ‘क्ष’चा खण रिकामा करी. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आमच्या गावी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ज्याच्या त्याच्या कागदावर ‘यवतमाळ’ हवे असल्यामुळे ‘ळ’ने दगा दिला. अशा वेळी वडील दारव्ह्याच्या एका छापखान्यास चिठ्ठी पाठवीत, आणि शकुंतला गाडीने कागदात बांधलेली ‘ळ’ची पुडी येई. काम झाले की पुडी परत जाई. कधी जातही नसे. याबद्दल खिळे पाडणाऱ्या मुंबईच्या कारखान्याची परवानगी घ्यावी, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. शिसे विकत घेतले, ते आपले झाले. ते उसने द्यावे, झिजवावे, की वितळवून टाकावे, हा आपला प्रश्न.

शकुंतलेचे नाव निघालेच आहे तर तिची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद रुळांवरून ही गाडी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारजमा झाल्या. हा मार्ग मात्र जुन्या कंपनीच्याच मालकीचा राहिला, आणि सरकार करार करून, मोबदला देऊन त्यावरून गाडी चालवीत असे. गाव आमचे, कापूस आमचा, डब्यात बसणारे आम्ही. रूळ तेवढे परक्याचे. लहानपणी वडिलांनी हे सांगितले तेव्हा आम्हांस मोठा अचंबा वाटला होता. पुढे आम्ही स्वतःच तसल्या रुळांवर जाऊन बसलो, तेव्हा अचंबा वाटला नाही; कारण आपण काय केले हे आमच्या ध्यानीच आले नाही.

१९९९ साली आम्ही शिसे वजनावर विकले. जुळारी म्हातारे झाले होते, नवे कोणी शिकत नव्हते, आणि गिऱ्हाइकास संगणकाची गुळगुळीत अक्षरे हवी होती. भंगारवाल्याने तराजूत अ, आ, इ, ई एकत्र ओतले तेव्हा वडील आतल्या खोलीत जाऊन बसले, एवढे आठवते. आलेल्या पैशांत दुप्पट भर घालून आम्ही एक संगणक घेतला, आणि त्यावर मराठी उमटविणारे परगावच्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले. त्याच्याच पेटीत ती करडी डबी आली. सोबत इंग्रजीत बारीक टाइपात छापलेले एक करारपत्र होते. आम्ही आयुष्यभर छापण्याचा धंदा केलेला. बारीक टाइप वाचावयाचा नसतो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? आम्ही ते वाचले नाही.

डबी संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची तार जेथे लावतात त्या छिद्रांत बसवावयाची, आणि प्रिंटरची तार डबीच्या पाठीत. सॉफ्टवेअर सुरू होताना त्या छिद्रांतून एक प्रश्न टाकी. डबी ठरावीक उत्तर देई. उत्तर बरोबर आले की पडद्यावर मराठी अवतरे. उत्तर न आल्यास इंग्रजीत एक ओळ येऊन सर्व कारभार बंद. सॉफ्टवेअरची चकती कोणी हजार वेळा उतरवून घेतली तरी डबी उतरवून घेता येत नसे. संरक्षण होते ते हेच.

येथवर आमची तक्रार नव्हती. परंतु आणखी एक मेख होती, आणि ती आम्हांस पुष्कळ उशिरा कळली. त्या काळी संगणकावर मराठीचे एकच एक घर नव्हते. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे सांकेतिक कोष्टक ठरवून दिले होते, आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक कोष्टकाची पहिली आवृत्ती निघून तीत देवनागरीस जागा मिळाली होती. तरी बाजारात जो तो आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवीत असे. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे ‘ढ’ व्हावा, आणि तिसऱ्याकडे नुसती एक स्वल्पविरामासारखी खूण! सबब आमच्या सॉफ्टवेअरात लिहिलेला मजकूर त्याच सॉफ्टवेअरात वाचता येई; ते उघडणे त्या डबीवर अवलंबून; आणि डबी त्या छिद्रांवर. खिळ्यांच्या काळी छापखाना जळाला तर अक्षरे जळत, लेख उरे. येथे लेखच कुलपाच्या आत होता.

हे सारे आम्हांस २०११ च्या जूनमध्ये समजले. मृगाच्या तोंडावर यवतमाळास जी वादळे होतात त्यांतल्या एका रात्री वीज कडाडली, आणि टेलिफोनच्या तारेवाटे आत शिरून संगणकाचा मदरबोर्ड जाळून गेली. हार्ड डिस्क वाचली. आम्ही देवाचे आभार मानून नवा संगणक आणविला, जुनी डिस्क त्यास जोडली, आणि डबी हाती घेऊन पाठीमागे गेलो. तेथे ती पंचवीस छिद्रेच नव्हती! मध्यंतरी जगातील प्रिंटर यूएसबीच्या चपट्या भोकाकडे वळले होते, आणि संगणक करणाऱ्यांनी जुने दार मुकाट्याने बुजवून टाकले होते.

आता त्या संगणकात काय होते ते सांगितले पाहिजे. नाहीतर आमचा पुढील आटापिटा वाचकांस हास्यास्पद वाटेल. केळापूर आणि झरी-जामणी या भागांत ज्यांची सारी नोकरी झाली असे एक वृद्ध प्राथमिक शिक्षक आमच्याकडे येत असत. आम्ही त्यांस गुरुजी म्हणतो. कोलाम लोकांच्या वस्तीस पोड म्हणतात. अशा पोडांतून हिंडून गुरुजींनी तीस वर्षे कोलामी शब्द, म्हणी आणि गाणी उतरवून घेतली होती. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. चहूबाजूंनी मराठीने वेढलेली, स्वतःची लिपी नसलेली. गुरुजींनी ती देवनागरीत लिहिली. २००४ पासून चार वर्षे आम्ही त्यांच्या वह्या संगणकावर घालीत होतो. पुढे गुरुजींच्या घरी वाळवी लागली, आणि वह्यांचा भुगा झाला. ‘वह्या गेल्या तर गेल्या, तुमच्याकडे आहे ना,’ असे म्हणून ते हसले होते. आमच्याकडे होतेच. एवढेच नव्हे, आम्ही शहाणपणाने दोन सीडींवर त्याच्या प्रतीही करून ठेवल्या होत्या. आता त्यांतली एक सीडी नव्या संगणकात घालून पाहिली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर यांची एक अखंड रांग आली. कोलामीचे तीस वर्षांचे धन त्या रांगेत होते, आणि गुरुजींचे वय चौऱ्याऐंशी होते.

मग जे सुरू झाले त्यास आमच्या ऑपरेटरने ‘ट्रबलशूटिंग’ असे नाव दिले. प्रथम यूएसबीस पंचवीस टाचण्यांची डबी जोडणारी एक तार नागपूरहून आणविली. तीवर प्रिंटर उत्तम चालला. डबीची दाद लागेना. विचारता कळले की ही तार फक्त प्रिंटरची भाषा जाणते; कुलपाचे प्रश्नोत्तर तिच्या कानी पडतच नाही. मग संगणकाच्या पोटात बसवावयाचे एक कार्ड आणले. त्याने खरोखरीची पंचवीस छिद्रे दिली. पण जुने सॉफ्टवेअर कुलपाला शोधते ते एका ठरावीक पत्त्यावर, आणि कार्डाने उघडलेले दार होते भलत्याच गल्लीत. सॉफ्टवेअर जुन्या दारी हाका मारीत राहिले; डबी नव्या दारी वाट पाहत राहिली. पत्ता बदलून पाहिला, तर नव्या संगणकाची मूळ प्रणालीच डबीस ओळखीना. तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर या प्रणालीकरिता कोणी लिहिलाच नव्हता. नंतर जुना मदरबोर्ड मिळतो काय हे पाहण्यासाठी आम्ही सीताबर्डीवरची दुकाने पालथी घातली. एक मिळाला. त्यावरील कपॅसिटर पावसाळ्यातल्या मेलेल्या बेडकासारखे फुगलेले होते. तो चालू झाला, तीन मिनिटे जगला, आणि गेला. यात आणखी एक संशय सतत मनास खात होता, तो असा की वीज डबीतूनही गेली असेल. दार चुकत आहे की किल्लीच मेली आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. कारण एक तपासावयास दुसरे शाबूत हवे.

कंपनीस फोन केला. तेथील तरुण फार सौम्यपणे बोलला. ती आवृत्ती आता बंद झाली आहे. नवी घ्यावी, तिला यूएसबीचे कुलूप आहे. नव्या आवृत्तीत जुन्या फायली उघडतील काय? बहुधा उघडतील, खात्री देता येत नाही. जुने कुलूप बदलून मिळेल काय? मूळ बिल असल्यास विचार करता येईल. बारा वर्षांपूर्वीचे बिल! गुरुजींच्या वह्यांस लागलेल्या वाळवीने आमच्याही कपाटास भेट दिली असती तर निदान सांगावयास कारण झाले असते. आमचे बिल नुसतेच हरवले होते.

याच सुमारास घाटंजीकडचे एक शेतकरी मुलाच्या लग्नाची पत्रिका छापावयास आले होते. आम्ही त्यांस काम का होत नाही हे समजावून सांगितले. त्यांनी ती डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, ‘म्हंजे हे तं आमच्या सरकीवानीच झालं जी. पयले घरची सरकी राखून ठेवत होतो, आता दरसाली पाकीट आना लागते. पैसे आपले, वावर आपलं, अन् इचारा लागते कंपनीले.’

आम्ही त्या वेळी हसलो. परंतु ते गेल्यावर विचार करू लागलो तो उपमा नेमकी बसली. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीस परवानगी मिळाली, आणि आमच्या जिल्ह्यातील शेते काही वर्षांत या संकरित वाणांनी भरून गेली. संकरित पिकाचे बी राखून पेरले तर दुसऱ्या वर्षी तेच पीक येत नाही. आईबापांचे गुण फाटतात. म्हणजे कुलूप बियाण्याच्या आतच आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्यास देण्याचा हक्क दिला आहे खरा, पण संकरित सरकी त्या कायद्याचे ऐकत नाही. आमचीही स्थिती हीच होती. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन संगणकाचे सॉफ्टवेअर हे ‘साहित्यकृती’ या सदरात घातले गेले आहे. या न्यायाने ते लिहिणारा गृहस्थ आमचा व्यवसायबंधू ठरतो, ही गोष्ट साहित्यपरिषदांनी अद्याप मनावर घेतलेली दिसत नाही. असो. तोच कायदा रीतसर विकत घेणाऱ्यास नाश वा नुकसान यांपासून बचाव म्हणून प्रत करून ठेवण्याची मुभा देतो. आम्ही प्रत केली होती. कायद्याने ‘होय’ म्हटले होते. डबीने म्हटले नाही.

कुलूप लावणाऱ्यांची बाजू आम्हांस दिसत नव्हती असे मात्र नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने हौशी संगणकवाल्यांस एक अनावृत पत्र लिहून, तुम्हांपैकी बहुतेकजण आमचे सॉफ्टवेअर चोरता, असे बजावले होते. तो गृहस्थ पुढे कोठे पोचला हे जगजाहीर आहे, आणि म्हणून त्याच्या तक्रारीबद्दल कोणास फारशी दया येत नाही. परंतु मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर करणारे कोणी कुबेर नव्हते. एकेक जोडाक्षर हाताने रेखावे, शेकडो आकार जुळवावेत, आणि शेवटी जिल्ह्याच्या गावी एकाने विकत घ्यावे व दहांनी उतरवून घ्यावे, हा त्यांचा नफा. १९९९ साली आम्ही पूर्ण किंमत मोजली तेव्हा आमच्याच धंद्यातील स्नेह्यांनी आम्हांस वेड्यात काढले होते. शिवाय आमचे एक विद्यार्थ्योपयोगी पुस्तक आहे. त्याच्या झेरॉक्स प्रती महाविद्यालयाच्या फाटकासमोर मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाने मिळतात. त्या दुकानदाराशी आम्ही भर रस्त्यात भांडलो आहो. तेव्हा चोरी कशास म्हणतात हे आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

अकराव्या दिवशी आमच्या ऑपरेटरने खिशातून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. ‘सर, रागावू नका. हे क्रॅक आहे. लॉक लागत नाही. एका मिनिटाचं काम आहे.’ त्याच सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती. कोणीतरी तिच्या आतून कुलपास विचारावयाचा प्रश्नच काढून टाकला होता. ‘ही तुझ्याकडे केव्हापासून आहे?’ आम्ही विचारले. तो खाली पाहून म्हणाला, ‘सर, गावात सगळे हेच वापरतात.’

ती रात्र आम्ही जागून काढली. डोळ्यांपुढे एका बाजूस झेरॉक्सचा दुकानदार, दुसऱ्या बाजूस गुरुजी. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा उपयोग करावयाचा, यात चोरी कोठली, असा युक्तिवाद आम्ही मनाशी केला. आणि मग चोर नेहमी असाच युक्तिवाद करतात, हेही आठवले. पहाटे उठून सीडी घातली. एक मिनिटही लागले नाही. मराठी आली; गुरुजींची फाईल उघडली; पहिल्याच पानावर पावसाचे गाणे. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आनंदाआधी आम्हांस संताप आला. बारा वर्षे टाचण्या वाकू नयेत म्हणून आम्ही ती डबी जपली. संगणक हलविताना ती आधी काढून कापसात ठेवली. आणि ज्यांनी एक पैसा दिला नाही त्यांच्या घरी विजा पडोत की संगणक बदलोत, काम एक दिवसही अडले नव्हते. कुलूप फक्त आमच्यासाठी होते.

पुढील आठवडाभर सर्व मजकूर युनिकोडमध्ये उतरविण्यात गेला. उतरवितांना ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि रफार घरे चुकले. गुरुजींनी भिंग घेऊन पानन् पान तपासले. मुखपृष्ठामागे ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ कोणाच्या नावे घालावी, असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘ती ओळच नको. गाणी माझी कुठं आहेत?’ पुस्तक दिवाळीत निघाले. ते पोडांवरच्या शाळांत गेले, तेथे त्याच्या झेरॉक्स निघाल्या, आणि आम्ही कोणाशीही भांडलो नाही.

कंपनीस आम्ही एक सविस्तर पत्र लिहिले. केले ते सारे कबूल केले, आणि बंद झालेल्या आवृत्तीच्या गिऱ्हाइकांस कुलूप नसलेली प्रत द्यावी अशी विनंती केली. उत्तरादाखल नव्या आवृत्तीचे रंगीत माहितीपत्रक आले. ही मागणी वेडगळ नव्हती, असे पुढे आम्हांस समजले. २०१२ च्या अखेरीस अ‍ॅडोबी या बड्या कंपनीने आपल्या एका जुन्या संचाची अ‍ॅक्टिव्हेशनची व्यवस्था बंद केली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांसाठी ती तपासणी नसलेल्या प्रती स्वतःच उपलब्ध करून दिल्या होत्या. आमच्याकडील कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. हक्क बुडविण्याच्या हेतूने असले कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. हेतूचा शब्द त्यात आहे हे वाचून आम्हांस बरे वाटले. तथापि आमचा प्रसंग त्याआधीच्या वर्षीचा, म्हणून त्या शब्दाची परीक्षा झाली नाही.

डबी खणात पडली ती तशीच. गेल्या वर्षी दारव्ह्याहून एक गृहस्थ आले. ज्या छापखान्यातून ‘ळ’ची पुडी येत असे त्याच्या मालकांचे हे नातू. त्यांच्याकडे जुना संगणक अजून चालू आहे, सॉफ्टवेअरही आमचेच. पण त्यांच्या कुलपाच्या दोन टाचण्या मोडल्या, आणि आजोबांनी लिहिलेला गावाचा इतिहास आत अडकला आहे. क्रॅक मिळेना, तो वापरणारी पिढीच धंद्यातून गेली. आम्ही खण उघडला. विजेतून ती डबी वाचली आहे की नाही हे आम्हांस तोपर्यंत ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला : चालते!

करारपत्र आम्ही आता वाचले आहे. कुलूप दुसऱ्यास उसने देण्यास त्यात सक्त मनाई आहे. शकुंतला बंद पडली असल्यामुळे ते गृहस्थ ते एसटीने घेऊन गेले, आणि अद्याप परत आलेले नाही.